मका आणि घेवडा : एकत्र पेरावे की वेगवेगळे? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/
जुलै १६०५. फ्रेंच दर्यावर्दी आणि नकाशाकार साम्युएल द शांप्लँ याचे जहाज आजच्या अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्याला, साको नदीच्या मुखाशी लागले. तेथील मूलनिवासींची शेते पाहून तो थबकला. मातीचे छोटे छोटे उंचवटे होते. प्रत्येक उंचवट्यात मक्याचे तीन-चार दाणे आणि त्यांच्यासोबत रंगीबेरंगी घेवड्याचे तीन-चार दाणे पेरलेले होते. पाच-सहा फूट वाढलेल्या मक्याच्या ताटांना घेवड्याचे वेल विळखा घालून वर चढत. शेतात तणाचे नाव नव्हते. भोपळ्याचे वेलही त्याने पाहिले. हे सारे त्याने आपल्या प्रवासवृत्तांत नोंदवून ठेवले.

२/
धान्य आणि कडधान्य एकाच मातीत एकत्र पेरावे, की प्रत्येकासाठी स्वतंत्र शेत राखावे? वरवर पाहता हा कृषी महाविद्यालयाच्या प्रश्नपत्रिकेतला प्रश्न वाटतो. तथापि गेल्या चार शतकांत या प्रश्नाच्या उत्तरावर जमिनींची मालकी ठरली, सैन्ये चालून गेली आणि लाखो माणसे एका विचित्र रोगाने ग्रासली गेली. या धाग्यात आपण तोच इतिहास पाहू : आधी शेतातला, मग रणांगणावरचा आणि शेवटी ताटातला.

३/
आरंभ मेक्सिकोपासून करावा लागतो. तेथील वाहाका प्रांतातील गिला नाकित्स या गुहेत सापडलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे १० हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाच्या रानगवतापासून माणसाने सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी मका घडवला. घेवडा त्यानंतर पुष्कळ काळाने माणसाळला, आणि तोही एकदा नव्हे तर दोनदा : एकदा मध्य अमेरिकेत आणि एकदा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र घेण्याच्या मेक्सिकोतील पद्धतीला 'मिल्पा' म्हणतात. ती आजही तेथे जिवंत आहे.

४/
येथे एक लोकप्रिय समजूत तपासून पाहिली पाहिजे. मका, घेवडा व भोपळा या 'तीन बहिणी' हातात हात घालून उत्तरेकडे आल्या, असे अनेकदा सांगितले जाते. न्यूयॉर्क राज्यातील राउंडटॉप या स्थळी मिळालेल्या अवशेषांवरून हे त्रिकूट तेथे इ. स. १०७०च्या सुमारास नांदत होते, असे पूर्वी मानले जाई. पुढे खुद्द घेवड्याच्या दाण्यांचेच किरणोत्सारी कार्बनद्वारे कालमापन झाले. १९९९मध्ये जॉन हार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ईशान्य भागात घेवडा इ. स. १३००च्या आसपास रुजला. मका मात्र तेथे कित्येक शतके आधीपासून होता. थोडक्यात, एकत्र पेरणी ही शेतकऱ्यांनी विचारपूर्वक केलेली निवड होती. मका एकटा पिकवण्याचा दीर्घ अनुभव गाठीशी असताना त्यांनी घेवड्याला त्याच्या शेजारी आणून लावले.

५/
हे शेतकरी म्हणजे बहुतांशी स्त्रिया होत्या. आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या भूमीवर मोहॉक, ओनायडा, ऑनोंडागा, कायुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांचा 'होडेनोशोनी' संघ नांदत होता. युरोपीय लोक त्याला 'इरोक्वॉय' म्हणत. अठराव्या शतकात तुस्करोरा हे सहावे राष्ट्र त्याला येऊन मिळाले. या समाजात शेत, बियाणे आणि धान्याची कोठारे यांवर स्त्रियांचा अधिकार असे. सेनेका वंशाचे अभ्यासक आर्थर पार्कर यांनी १९१०मध्ये मक्याच्या उपयोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. या तीन पिकांना सेनेका भाषेत 'आमचे पोषण करणाऱ्या' अशा अर्थाचे नाव असल्याचे त्यांनी त्यात नोंदवले आहे.

६/
पेरणीची रीत साधी होती, पण तिच्यात वेळेचे भान होते. प्रथम मातीच्या उंचवट्यावर मका पेरायचा. तो वीतभर वाढला की त्याच्या बुंध्याशी घेवडा आणि उंचवट्यांच्या मधल्या जागेत भोपळा लावायचा. घेवडा आधी पेरला तर त्याला चढायला आधार मिळत नाही. फार उशिरा पेरला तर तो मक्याच्या सावलीत खुरटतो. नांगर नव्हता आणि तो ओढायला बैलही नव्हते. तेच उंचवटे वर्षानुवर्षे वापरले जात, त्यामुळे मधली जमीन फारशी उकरली जात नसे.

७/
या सोबतीतून नेमके काय साधते? पाठ्यपुस्तकी उत्तर तयार असते : घेवडा हवेतील नत्र जमिनीत आणतो आणि मक्याला देतो. या उत्तराचा पूर्वार्ध खरा आहे. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींमधले जिवाणू हवेतील नत्र पिकाला उपलब्ध करून देतात, हे हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ ते १८८८ या काळात सिद्ध केले. १८८८मध्ये डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी ते जिवाणू वेगळेही काढले. उत्तरार्ध मात्र अतिशयोक्त आहे. नत्र मिळवण्यात घेवडा हा शेंगवर्गीयांमध्ये तसा दुबळाच. आणि त्याने मिळवलेल्या नत्राचा फार थोडा भाग त्याच हंगामात शेजारच्या मक्याला पोचतो. त्याचा पाला व मुळे कुजल्यावर लाभ होतो तो मुख्यतः पुढच्या पिकाला.

८/
खरा लाभ स्पर्धा टळण्यात आहे. मक्याच्या शेजारी दुसरा मकाच असेल, तर दोघांनाही तेच अन्न, त्याच थरातून, त्याच दिवसांत हवे असते. शेजारी घेवडा असेल तर तो आपल्या नत्राचा काही हिस्सा हवेतून भागवतो, आणि त्याची मुळेही मक्याच्या मुळांहून वेगळ्या रीतीने पसरतात. मक्याचे ताट त्याला मांडवाचे काम देते. भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकतात, ओल टिकवतात आणि तणाला ऊन मिळू देत नाहीत. तिन्ही पिके एकाच घरात राहतात, पण प्रत्येकाचा कोपरा बव्हंशी वेगळा.

९/
आता मापनाकडे वळू, कारण सारा वाद येथेच अडतो. एक कल्पित उदाहरण घ्या. एका एकरात मका एकटा पेरला तर २० क्विंटल होतो आणि घेवडा एकटा पेरला तर ८ क्विंटल. दोन्ही एकत्र पेरले तर मका १६ आणि घेवडा ४ क्विंटल मिळतो. केवळ मका मोजणारा म्हणेल, 'चार क्विंटलांचा तोटा झाला.' केवळ घेवडा मोजणारा म्हणेल, 'उत्पन्न निम्मे झाले.' दोघांचेही अंक अचूक आहेत. पण १६ क्विंटल मका स्वतंत्र पिकवायला ०.८ एकर लागला असता आणि ४ क्विंटल घेवड्याला ०.५ एकर. म्हणजे जे एका एकरात पिकले, त्यासाठी वेगवेगळ्या पेरणीत १.३ एकर जमीन खर्ची पडली असती.

१०/
या हिशेबाला 'जमीन समतुल्यता गुणोत्तर' म्हणतात. ते एकाहून अधिक आले तर एकत्र पेरणी सरस, कमी आले तर स्वतंत्र पेरणी सरस. या संकल्पनेची पद्धतशीर मांडणी रॉजर मीड व आर. डब्ल्यू. विली यांच्या १९८०च्या शोधनिबंधात आहे. विली हे त्या काळात हैदराबादजवळील पाटणचेरू येथील 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेत आंतरपिकांवर संशोधन करीत होते. त्यांच्यासमोरच्या जोड्यांपैकी एक होती ज्वारी आणि तूर, म्हणजे आपल्या दख्खनच्या कोरडवाहू शेतातली पिढ्यान्‌पिढ्यांची जोडी. अमेरिकेतील प्रश्न तोलायला उपयोगी पडणारा हा तराजू दख्खनच्या मातीतही पारखला गेला.

११/
आता पुन्हा होडेनोशोनी शेतांकडे येऊ. कॉर्नेल विद्यापीठातील कृषिशास्त्रज्ञ आणि तुस्करोरा वंशाच्या संशोधक जेन माउंट प्लेझंट यांनी ही पद्धत प्रत्यक्ष प्रयोगांतून तपासली. त्यांच्या २०१६च्या निबंधानुसार तीन बहिणींच्या एका हेक्टरमधून सुमारे १ कोटी २२ लाख किलोकॅलरी ऊर्जा आणि ३४९ किलो प्रथिने मिळतात. ऊर्जेच्या हिशेबाने त्यावर वर्षभर १३ माणसे जगू शकतात, तर प्रथिनांच्या हिशेबाने जवळपास १६. तेवढ्याच क्षेत्रात एकच पीक घेतले, किंवा त्या क्षेत्राचे तुकडे करून तिन्ही पिके स्वतंत्र घेतली, तरी ही बेरीज गाठली जात नाही.

१२/
मात्र एकत्र पेरणी सर्वत्र आणि सदैव श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. केवळ मकाच हवा असेल, तर एकट्या मक्याचे शेत बहुधा जास्त मका देते. एकत्र शेतात पेरणीच्या वेळा सांभाळाव्या लागतात आणि काढणी हाताने, निरनिराळ्या वेळी करावी लागते. ओल किंवा ऊन कमी पडले, तर सोबतीच एकमेकांचे वैरी होतात. ज्या समाजाकडे कष्टाळू व जाणते हात होते, ज्याला विक्रीपेक्षा वर्षभराच्या जेवणाची चिंता अधिक होती, त्या समाजासाठी हे गणित बसत होते.

१३/
युरोपातून आलेल्यांना हे गणित दिसलेच नाही. त्यांच्या दृष्टीने शेत म्हणजे कुंपण, नांगर, सरळ तास आणि एक पीक. तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राज्यशासनविषयक आपल्या दुसऱ्या प्रबंधात असा युक्तिवाद केला, की श्रमाने मालकी निर्माण होते. एकरी २० बुशेल गहू देणाऱ्या इंग्लंडमधील जमिनीची तुलना त्याने अमेरिकेतील जमिनीशी केली, आणि मूलनिवासींना त्यांच्या जमिनीतून मिळणारा लाभ इंग्लिश जमिनीच्या एक हजारांशही नसावा, असे मत दिले. 'पडीक' ठरवलेली जमीन ताब्यात घेण्यास अशा विचारांनी पुढे बौद्धिक आधार पुरवला.

१४/
वस्तुस्थिती काय होती? माउंट प्लेझंट यांनी २०११मध्ये सतराव्या-अठराव्या शतकांतील उत्पादनांची तुलना मांडली. तिच्यानुसार होडेनोशोनी शेतकरी एकरी जेवढे धान्य पिकवीत, ते युरोपातील गहू पिकवणाऱ्यांच्या तीन ते पाच पट होते. याचे सारे श्रेय घेवड्याला देता येणार नाही. मक्याची उत्पादनक्षमता मुळातच गव्हाहून अधिक आहे. शिवाय नांगरट नसल्याने जमिनीतील सेंद्रिय अंश टिकून राहिला होता. युरोपीयांनी ज्या नांगराच्या अभावाला मागासलेपणाची खूण मानले, तोच अभाव त्या जमिनीच्या सुपीकतेचे एक कारण होता.

१५/
गंमत अशी, की तत्त्वज्ञांना न दिसलेली ही शेती सेनापतींना मात्र स्पष्ट दिसत होती. १६८७मध्ये न्यू फ्रान्सचा गव्हर्नर देनोंव्हिल याने सेनेका राष्ट्रावर स्वारी केली, तेव्हा गावांइतकेच त्याचे लक्ष मक्याच्या शेतांवर व कोठारांवर होते. पुढे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात होडेनोशोनी संघातील चार राष्ट्रांचा मोठा भाग ब्रिटिशांच्या बाजूने लढला. ३१ मे १७७९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जनरल जॉन सलिव्हन यांना लेखी आदेश दिला : त्यांच्या वसाहती पूर्णपणे उद्ध्वस्त करा, जमिनीत उभी असलेली पिके नष्ट करा आणि पुन्हा पेरणी होऊ देऊ नका.

१६/
त्या उन्हाळ्याअखेर सैन्य आत शिरले. सलिव्हन यांनी आपल्या अहवालात ४० गावे आणि किमान १ लाख ६० हजार बुशेल मका नष्ट केल्याचे नमूद केले. दाण्यांच्या वजनात मोजल्यास हा सुमारे ४ हजार टन मका होतो. फळबागाही तोडल्या गेल्या. हजारो स्त्री-पुरुष व मुले नायगारा येथील ब्रिटिश किल्ल्याच्या आश्रयाला गेली; पाठोपाठ आलेल्या भीषण हिवाळ्यात भूक आणि थंडी यांनी अनेकांचा बळी घेतला. होडेनोशोनी भाषांत वॉशिंग्टन यांना 'गावांचा विध्वंसक' अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाई. सेनेका नेते कॉर्नप्लांटर यांनी १७९०मध्ये ते नाव खुद्द वॉशिंग्टन यांना ऐकवले.

१७/
जी जमीन कुणी कसतच नव्हते, तिच्यावरून इतके धान्य आले कोठून? 'पडीक जमिनी'च्या सिद्धान्ताला सलिव्हन यांच्याच अहवालाने परस्पर उत्तर दिले आहे. कोठार जळते तेव्हा पुढच्या हंगामाचे बियाणेही जळते, हे ध्यानात घेतले म्हणजे 'पुन्हा पेरणी होऊ देऊ नका' या आदेशाचा पूर्ण अर्थ कळतो. युद्धानंतरच्या करारांत होडेनोशोनी संघाची बहुतांश भूमी हातची गेली.

१८/
आता शेतातून ताटाकडे. मक्याच्या प्रथिनांत लायसीन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले अपुरी असतात. घेवड्यात लायसीन भरपूर, पण मेथिओनीन कमी. ते मक्यातून मिळते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. शिवाय मेक्सिकोतील स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात उकळून भिजवीत. अशा प्रक्रिया केलेल्या मक्याला 'निक्स्तमाल' असे नाव आहे. होडेनोशोनी स्त्रिया त्याच कामासाठी लाकडाची राख वापरीत. यामुळे दाण्याचे टरफल सुटते आणि मक्यात बांधून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते.

१९/
१४९२नंतर मका जगभर गेला, पण बहुतेक ठिकाणी ही पाकक्रिया त्याच्यासोबत गेली नाही. घेवडाही युरोपात पोचला होता. परंतु गरिबाच्या ताटात तो मक्याच्या शेजारी रोज असेलच, याची खात्री नव्हती. १७३५मध्ये गास्पार कासाल या वैद्याने उत्तर स्पेनमधील अस्तुरियास प्रांतात मका खाऊन जगणाऱ्या गरिबांचा एक नवा रोग वर्णिला. १७७१मध्ये इटलीतील फ्रापोली याने त्याचे 'पेलाग्रा' हे नाव ग्रंथबद्ध केले. त्याचा अर्थ खरखरीत कातडी. ऊन लागणारी कातडी काळवंडून सोलवटते, अतिसार जडतो, बुद्धिभ्रंश होतो आणि उपचार न झाल्यास मृत्यू येतो. उत्तर इटलीत मक्याच्या पोलेंटावर दिवस काढणारी शेतकरी कुटुंबे या रोगाने पिढ्यान्‌पिढ्या पोखरली गेली.

२०/
विसाव्या शतकाच्या आरंभी हाच रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत उसळला. १९०६ ते १९४० या काळात सुमारे ३० लाख लोकांना तो झाला आणि सुमारे १ लाख लोक मरण पावले, असा अंदाज आहे. अनेकांना तो संसर्गजन्य वाटत होता. १९१४मध्ये सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासासाठी पाठवले. त्यांनी मिसिसिपीतील अनाथालयांच्या आहारात दूध, अंडी आणि घेवडा-वाटाण्यासारखी कडधान्ये वाढवली, आणि रोग ओसरला. पुढे तुरुंगाच्या शेतावरील ११ स्वयंसेवक कैद्यांना प्रामुख्याने मक्याच्या पिठावर ठेवले असता त्यांपैकी ६ जणांत रोगाची लक्षणे उमटली. नायसिनचा उलगडा कॉनरॅड एल्व्हेयम यांनी १९३७मध्ये केला. तो पाहायला गोल्डबर्गर हयात नव्हते.

२१/
या रोगाला अज्ञानापेक्षा दारिद्र्य अधिक कारणीभूत होते. दक्षिणेतील कूळ शेतकऱ्यांच्या दारापर्यंत कापूस लावलेला असे. भाजी, कडधान्य किंवा गाय यांना जागा नसे. उधारीवर मिळे ते मक्याचे पीठ, काकवी आणि चरबीयुक्त डुकराचे मांस. कापसाचा भाव पडला की रोग वाढे. जमीन एका पिकाला जुंपली गेली आणि ताटही एका धान्यावर आले.

२२/
आपल्या दख्खनलाही हा धडा अपरिचित नाही. ज्वारीच्या काही ओळींमागे तुरीची एक ओळ ही आपली जुनी रीत. ज्वारी लवकर निघते. तूर आधी सावकाश वाढते, खोल मुळांनी खालची ओल शोधते आणि नंतर फोफावते. ताटात त्याच जोडीचे भाकरी-वरण होते. ती जोडी जेथे दारिद्र्यामुळे तुटली, तेथे परिणामही दिसला : १९६०च्या दशकात डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनमधील ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्राच नोंदवला. आणि मेक्सिकोकडचा तो घेवडा? त्याच्याच जातकुळीतला 'वाघ्या घेवडा' आज साताऱ्याच्या कोरेगाव भागात पिकतो आणि भौगोलिक मानांकन मिरवतो.

२३/
मग विसाव्या शतकात ही पिके एकमेकांपासून दूर का गेली? १९०९मध्ये फ्रित्स हाबर यांनी हवेतील नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला आणि १९१३मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. नत्र पोत्यातून मिळू लागल्यावर शेंगवर्गीय सोबत्याची निकड उरली नाही. काढणीयंत्राला एकसारखे, एकाच वेळी पक्व होणारे पीक हवे असते. वेलांनी विणलेले शेत त्याच्या कामाचे नाही. बाजारालाही एकजिनसी माल हवा. या व्यवस्थेने अफाट धान्य पिकवले आणि कोट्यवधींची भूक भागवली, हे नाकारता येणार नाही.

२४/
म्हणून 'एकत्र की वेगवेगळे' या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : मोजायचे काय? मक्याची पोती मोजली तर स्वतंत्र शेत जिंकते. जमीन, प्रथिने आणि पुढच्या हंगामाची सुपीकता मोजली तर बहुधा सोबत जिंकते. लॉकने कुंपण आणि नांगर पाहिला, सलिव्हन यांनी बुशेल मोजले. त्या शेतांच्या मालकिणी मात्र हिवाळ्याच्या शेवटापर्यंत घरातली किती माणसे पोटभर जेवतील, हे मोजत होत्या.

२५/
धागा येथे पूर्ण होतो. आता एक काम तुमच्याकडे. तुमच्या गावाकडे एकाच शेतात कोणती पिके जोडीने घेत, किती ओळींमागे किती ओळी लावत आणि ती प्रथा कधी व का मोडली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली लिहा. अशा गोष्टी दप्तरांत क्वचितच सापडतात. त्या ज्यांच्या स्मरणात आहेत, ती पिढी आपल्यात आहे तोवर त्यांची नोंद झालेली बरी.